मुळाशी श्री

"आधी श्री घाल. मग पहिली रेघ. आणि ती रेघ कुणासाठी आहे हे मनात पक्कं झाल्याशिवाय माउसला हात लावू नकोस, शर्वू."

डिप्लोमा होऊन मी अण्णांच्या हाताखाली पहिल्यांदा बसले, त्या दिवशीचं हे वाक्य. अण्णा म्हणजे माझे वडील, दत्तात्रय गुळवणी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याच्या खोलीत त्यांनी यंत्रांच्या डिझाइनचं काम सुरू केलं, आणि जाईपर्यंत तेच केलं. वहीचं पहिलं पान असो, लग्नाची यादी असो की एखाद्या पंपाचं मॉडेल असो, वर मधोमध श्री आल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकत नसे. मला त्याचं नवल कधी वाटलं नाही. आमच्या घरात सगळं असंच होतं. माझा स्वतःचा चातुर्मासाचा नेम आहे: रोज सकाळी देवापुढे तेहेतीस गोपद्मं, म्हणजे गाईची पावलं, रांगोळीनं काढायची. ती झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. पंचवीस वर्षांत खंड नाही.

अण्णा गेल्यावर ऑफिस माझ्या धाकट्या भावाच्या, हृषीच्या हातात आलं. तो बोलका, झपाट्याचा. मी आतल्या टेबलावर बसून मॉडेलं बघणारी. आमचं बरं चाललं होतं, त्या आषाढातल्या सकाळपर्यंत.

"ताई! सहाचे आठ झाले!" हृषी दारातूनच ओरडला. "धारिणीनं रात्रीत तराफा हलका केला. आता एका खेपेला आठ जनावरं!"

धारिणी म्हणजे काय, ते इथंच सांगते.

कागदावर रेघ म्हणजे नुसती रेघ होती. तिचा अर्थ काढणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या डोक्यात. मग संगणक आला, त्याला आकार कळू लागला. वस्तू म्हणजे काही पृष्ठभाग, ते जिथं मिळतात त्या कडा, कडा जिथं मिळतात ते कोपरे. पण अशा संगणकाला कप दिसायचा, चहा माहीत नसायचा. पुढे त्याला कृती कळली: आधी पत्रा, मग भोक, मग वाक. मॉडेल म्हणजे एक झाडच झालं. मुळाशी पहिली पायरी, तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. मुळाशी काही बदललं की वरची फांदी आपोआप हलते, आणि क्रम चुकला तर वस्तूच मोडते. पूजेतही आवाहनाआधी नैवेद्य चालत नाहीच की.

धारिणी या आमच्या डिझाइनच्या प्रणालीनं त्यावर तिसरा थर चढवला, कारणाचा. एक साधं भोक घ्या. धारिणीच्या पोटात ते नुसतं वर्तुळ आणि खोली म्हणून राहत नाही. यातून बोल्ट जाणार, ते अमुक ड्रिलनं पाडायचं, आणि ते अशासाठी की झाकण काढून आत हात घालून साफ करता यावं, हे सगळं त्या भोकाला चिकटलेलं असतं. बोल्ट बदला, भोक स्वतः मोठं होतं. झाकण नको म्हणा, भोक बुजतं. कारण संपलं की वस्तू संपते. ज्या भागाला कारणच नाही तो निराधार ठरतो, आणि नव्या आवृत्तीत धारिणी विचारते: काढू का?

हे सगळं चांगलंच होतं. पूल हलके झाले, बसगाड्या स्वस्त झाल्या. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. ड्रॉइंग वाचणारी माणसं संपली. मॉडेल थेट शिरोलीच्या कारखान्यातल्या यंत्रांकडे जातं, यंत्रं कापतात, वाकवतात, जोडतात. मॉडेलमध्ये जे नाही ते जगात येत नाही. पूर्वी एखादा फिटर म्हणायचा, "साहेब, इथं पट्टी राहिली वाटतं." आता तसं म्हणायला तिथं कुणी उभं नाही.

मी हृषीचा नवा तराफा पडद्यावर फिरवून पाहिला. हवाबंद पिंपांवर उभा, पुढे उतरता पाट, दोन्ही बाजूंना कठडे. पुरात जनावरं काढायला चार वर्षं खपून आम्ही तो केला होता. दोन जिल्ह्यांसाठी साठ तराफ्यांची मागणी होती. मॉडेल शुक्रवारी गोठवायचं, म्हणजे मग त्यात बदल नाही, आणि धरणं भरायच्या आत यंत्रांनी सगळे बनवून टाकायचे.

"तळातलं भरण कुठं आहे?" मी विचारलं.

तराफ्याचा तळ म्हणजे वर-खाली दोन पत्रे. त्यांच्यामध्ये अण्णांनी काथ्या आणि रबराचा भुगा ठासून भरला होता.

"गेलं. निराधार निघालं. तेच तर वजन होतं!"

"हृषी, ते भरण आक्काताईंच्या म्हशीसाठी आहे."

त्याचा चेहरा जरासा उतरला, पण जराच. "ताई, मला माहीत आहे तुझ्या मनात काय आहे. पण चाचणी झालीय. मार्चमध्ये, आपल्याच आवारात. भरणाशिवायच्या तळावर एकेक करून बाराच्या बारा म्हशी चढल्या. धारिणीत नोंद आहे."

* * *

आक्काताई मगदूम बेलकुरणच्या. नदीच्या वळणात बसलेलं गाव. पाच वर्षांपूर्वीच्या महापुरात तिथं पहिल्यांदा सरकारी तराफा गेला, तेव्हा माणसं चढली, जनावरं चढेनात. आक्काताईंची म्हैस पाटावर एक पाय टाकायची आणि मागे फिरायची. तराफेवाल्यांना अजून तीन वस्त्या करायच्या होत्या. आक्काताईंचे मालक म्हणाले, "तुम्ही व्हा म्होरं, मी हिला घेऊन येतो." ते आले नाहीत. म्हैस पोहत तिसऱ्या दिवशी पल्याडच्या उसात सापडली, जिवंत.

पाणी ओसरल्यावर मी आणि अण्णा तिथं गेलो होतो. आक्काताई रडत नव्हत्या, गोठ्यातला गाळ ओढत होत्या. अण्णांनी चिखलात रुतलेल्या तराफ्याचा पाट बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला, गुडघ्यावर बसून, बराच वेळ. मी आक्काताईंच्या बाजूला उभी राहिले. त्या खोरं न थांबवता म्हणाल्या, "बाई, म्हशीला शिव्या देतंय समदं गाव. तिची काय चूक? तिला कळत न्हाई, का तुमच्या त्या पत्र्याला कळत न्हाई?"

आणि मी शब्द दिला. कुणी मागितला नव्हता. "पुढच्या पुरात तुमची म्हैस आपल्या पायांनी चढेल, आक्काताई. आणि तेव्हा मी तिथं असेन."

"बोलताय खरं," त्या म्हणाल्या आणि पुढचं खोरं ओढलं.

घरी येऊन अण्णांनी तळात भरण घातलं. "कशानं बुजली ती? आवाजानं?" मी विचारलं होतं.

"आवाज असेल. थरथर असेल. खुराला लागणारा गारवा असेल. नेमकं मला ठाऊक नाही, शर्वू. पण पोकळीवर पाय द्यायला जीव धजत नाही, एवढं दिसतंय."

* * *

दुपारी मी धारिणीत कारण भरायला बसले. धारिणी कारणाचा प्रकार विचारते: भार, वापर, कृती की नियम. मी 'वापर' निवडलं आणि लिहिलं: जनावर पोकळ तळावर चढत नाही. क्षणात उत्तर आलं. 'हे कारण चाचणीच्या नोंदीशी विसंगत आहे. पुरावा जोडा.'

पुरावा कुठला जोडू? एक म्हैस, एक मेलेला माणूस आणि अण्णांच्या बोटाचं पेर.

मग मी छायेला विचारलं. अण्णा गेल्यावर त्यांच्या हयातभरातल्या मॉडेलांवरून आणि त्यांत त्यांनी भरलेल्या हजारो कारणांवरून हृषीनं त्यांची ज्ञानछाया करून घेतली होती. आता बहुतेक कंपन्यांत गेलेल्या जुन्या माणसांच्या छाया असतात. आवाज अण्णांचाच, खाकरणंही त्यांचंच. मी तिच्याशी फारशी बोलत नसे. हृषी मात्र रोज संध्याकाळी चहा घेऊन तिच्यापुढे बसायचा. कामाचं बोलणं झालं की क्रिकेटवर यायचा.

"अण्णा, तळातलं भरण काढायचं का?"

"भार घेत नाही. पाणी अडवत नाही. नियमात नाही. चाचणीत गरज दिसली नाही," छाया म्हणाली. "कारण सापडत नाही, शर्वू. काढ."

मी हात जोडून बसले थोडा वेळ. आवाज तोच होता. पण अण्णा मला 'काढ' असं एका दमात कधी म्हणाले नव्हते. आधी विचारायचे, कुणासाठी? छायेनं ते विचारलं नव्हतं.

अण्णा असताना गोठवलेली जुनी आवृत्ती मी उघडली. झाडाच्या फांद्या मिटत मिटत मुळापर्यंत गेले. आणि तिथं श्री होता. अण्णांच्या हाताच्या वळणाचा, जिथून सगळी मापं सुरू होतात त्या आधारपातळीवर कोरलेला. मला वाटलं होतं तो नुसता शिरोभागी आहे. तसं नव्हतं. त्याच्यावर फांद्या होत्या, चाळीसएक. तळातलं भरण श्रीवर टांगलेलं. कठड्याचा बाक श्रीवर. मागच्या कोपऱ्यातली एक जास्तीची कडी, तीही श्रीवर.

मी मनातल्या मनात हसले, आणि डोळे भरून आले. धारिणीत कारण सांगितल्याशिवाय भाग ठेवता येत नाही. आणि अण्णा न कळणाऱ्या गोष्टीला खोटं कारण चिकटवणारे नव्हते. जे कळलं ते त्यांनी भारावर, वापरावर, नियमावर टांगलं. जे नेमकं कळलं नाही, पण सोडूनही चालणार नाही, ते श्रीवर टांगलं. 'मला माहीत नाही' असं लिहायला धारिणीत जागा नव्हती. अण्णांनी ती करून घेतली होती.

नव्या आवृत्तीत मुळाशी श्री नव्हता.

* * *

"हृषी, श्री कुठं गेला?"

"कुठला श्री?"

"अण्णांचा. मॉडेलच्या मुळाशी होता तो."

"हां, तो." त्यानं चहाचा कप छायेच्या पडद्यासमोर ठेवला. "नव्या धारिणीत आणताना साफसफाई करावी लागते. जुने लोगो, सह्या, सजावट. त्यात गेला असेल. सगळ्याच मॉडेलांतून काढलाय."

"ती सजावट नव्हती. त्याच्यावर भाग टांगलेले होते. श्री गेला म्हणून ते निराधार झाले. धारिणीनं अनाथ पोरं घराबाहेर काढली आणि तू टाळ्या वाजवल्यास."

"ताई, प्लीज. यात तुझा देव आणू नकोस."

"मी नाही आणला. अण्णांनी आणला होता. तू काढलास."

मी आवाज चढवत नाही कधी. तेव्हाही चढवला नाही. मग मी जे विचारलं ते विचारताना मलाच वाईट वाटत होतं.

"छाया कधी केलीस? साफसफाईच्या आधी की नंतर?"

तो पडद्याकडे वळला. "नंतर," तो म्हणाला.

"म्हणजे अण्णांना जे जे ठाऊक होतं, ते तिच्यात आहे. आणि आपल्याला काय ठाऊक नाही हे जे त्यांना ठाऊक होतं, ते नाही."

"दोन वर्षं मी रोज बोलतोय तिच्याशी." त्याचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. "मला वाटायचं, पूर्वीपेक्षा अण्णा आता स्पष्ट बोलतात. अडखळत नाहीत."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण विषय सोडला नाही. "मार्चची चाचणी कुठं केली होती, हृषी?"

"सांगितलं ना, आवारात."

"तराफा कशावर होता?"

"जमिनीवर. दुसरं कशावर असणार?" आणि मग तो थांबला. तो हुशार आहे, त्याला सांगावं लागत नाही. त्यानं टेबलावरचा रिकामा डबा उचलला, आधी टेबलावर ठेवून वाजवला, मग हातात अधांतरी धरून वाजवला. टेबलावर 'टक्' झालं. हातात घुमलं.

"खाली जमीन होती," तो पुटपुटला. "पोकळी घुमलीच नाही. च्यायला."

"पाण्यावर चाचणी घेऊ. शुक्रवारच्या आत."

"शुक्रवार पुढं ढकलता येणार नाही, ताई. आणि भरण ठेवलं तर आठाचे परत सहा होतात. म्हणजे साठ तराफ्यांत दर खेपेला एकशेवीस जनावरं मागे राहतील. त्याचं उत्तर तुला द्यावं लागेल, मला नाही."

"देईन," मी म्हणाले.

* * *

बेलकुरणला गावाबाहेर एक खण आहे. दगड काढून झाल्यावर पाण्यानं भरलेला मोठा खड्डा. गुरुवारी सकाळी आम्ही दोन नमुने तिथं नेऊन पाण्यात सोडले. एक हलका, एक भरणाचा. बाहेरून डिट्टो सारखे. उजाडायच्या आत निघालो होतो, त्यामुळे माझा नेम राहिला होता. घसा कोरडा पडलेला. रांगोळीचा डबा पिशवीत होता. म्हटलं, तळावरच काढू.

मी हलक्या तराफ्यावर बसले आणि पावलं काढायला सुरुवात केली. हृषी काठावरून बघत होता.

"ताई, अगं चुकलीस. तुझा तो पलीकडचा."

"माहीत आहे."

"मग माझ्यावर कशाला काढतेस?"

"देवाला मदत करायची असेल तर तुझ्या बाजूनं करू दे. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको, की ताईच्या रांगोळीनं म्हैस चढली."

तो हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

तोवर आक्काताई आल्या, शेवंताचा कासरा धरून. तीच म्हैस, आता वयानं जड झालेली. मागे अर्धं गाव. आक्काताईंनी रांगोळी वाकून बघितली. "काय वो बाई, ही गायीची पावलं न्हवं? आमची म्हसरू हाय. तिला वाटंल, बसायला जागाच न्हाई, आधीच कळप येऊन गेलाय!"

गाव हसलं. मी पण. तेहेतीस पुरी करून पाणी प्यायले आणि बाजूला झाले.

शेवंता पाटापर्यंत निमूट आली. पुढचा उजवा खूर टाकला, आणि तळ घुमला. आम्हाला तो आवाज साधा वाटला असता. तिचे कान मात्र ताठ झाले, मान वर गेली, सबंध अंग मागे झुकलं. आक्काताईंनी गूळ दाखवला. तिनं जीभ लांब करून गूळ घेतला आणि पाय मात्र काठावरच ठेवला.

"आक्काताई, आधी तिकीट काढा की तिचं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुजं काढते थांब. तू चढशील बग लगेच, तुला कशाचंच काय वाटत न्हाई!"

तीनदा प्रयत्न झाला. दुसऱ्या दोन म्हशी आणल्या, त्याही पाटावरून मागे फिरल्या. हृषी नोंद घेत होता.

मग भरणाचा तराफा. शेवंतानं पाटाला नाक लावलं, फुसकारा सोडला आणि मागे वळली. आक्काताईंनी माझ्याकडे बघितलं. मी देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "परत आणा."

दुसऱ्या खेपेला तिनं खूर टाकला. 'धप्' असा मातीवर पडल्यासारखा आवाज झाला. ती थांबली. दुसरा खूर टाकला. मग जणू गोठ्यातच जायचं आहे अशी झुलत आत गेली आणि शेपूट मारत उभी राहिली. तिच्यामागून दोघी गेल्या. एक रेडकू शेवटपर्यंत गेलं नाही, त्याला दोघांनी उचलून ठेवलं. तेही मी हृषीला लिहायला लावलं.

आक्काताईंनी कासरा कठड्याला बांधला. शेवंताच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. नंतर म्हणाल्या, "त्या दिवशी ह्ये असतं तर."

परतताना गाडीत हृषी म्हणाला, "तरी एकशेवीसचा हिशेब राहतोच, ताई."

"रिकामा तराफा सगळ्यात हलका असतो, हृषी."

शिरोळ फाटा गेल्यावर तो म्हणाला, "पिंपं दोन वाढवली तर सात तरी होतील. बघतो."

* * *

पण कारण अजून भरायचं होतं. तीन म्हशी आणि एक रेडकू, एवढ्या पुराव्यावर धारिणी 'वापर' मान्य करीना. नमुना अपुरा आहे, असं उत्तर. शुक्रवारी दुपारी मॉडेल गोठणार होतं.

धारिणीत कारणाचा पाचवा प्रकार आहे, सहसा कुणी हात लावत नाही त्याला. 'साक्ष'. दवाखान्यांच्या उपकरणांसाठी कायद्यानं घालायला लावलेला. जे मोजून झालेलं नाही, पण एका माणसानं डोळ्यांनी पाहिलं आहे आणि तो त्याची जबाबदारी घेतो, असं कारण. अट एकच. ती वस्तू पहिल्यांदा खऱ्या प्रसंगात वापरली जाईल तेव्हा साक्षीदारानं स्वतः तिथं हजर राहायचं आणि काय झालं ते नोंदवायचं. तो हजर नसेल तर कारण गळून पडतं, आणि त्याबरोबर भाग. सगळ्या साठ तराफ्यांतून, पुढच्या दुरुस्तीला.

"माझं नाव घाल," हृषी म्हणाला. "साफसफाई मी केली होती."

"शब्द मी दिलाय."

"ताई, पहिला खरा प्रसंग म्हणजे महापूर. तुला पोहता येत नाही."

"तराफा बुडू नये म्हणूनच चार वर्षं घालवली ना आपण?"

त्याला हसू आलं नाही. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, शर्वरी दत्तात्रय गुळवणी, आणि भरणाला जोडलं. धारिणीनं हिरवा टिळा दिला.

मग मी आणखी एक काम केलं. मॉडेलच्या मुळाशी जाऊन आधारपातळीवर श्री कोरला. अण्णांचं वळण मला जमलं नाही, माझंच आलं. बाकीचे निराधार भाग एकेक करून परत त्याच्यावर टांगले. या वेळी हृषीनं धारिणीत त्याच्यापुढे एक ओळ भरली, यंत्राला कळेल अशी: 'कारण अजून पूर्ण कळलेलं नाही. विचारल्याशिवाय काढू नये.' तेवढ्यानं धारिणी गप्प बसली. म्हणजे जागा करता येत होती. कुणी केली नव्हती इतकंच.

पुढच्या आठवड्यात हृषीनं छाया नव्यानं घडवली, या वेळी श्रीसकट, अण्णांच्या सगळ्या जुन्या मॉडेलांतला श्री परत आणून. संध्याकाळी चहा घेऊन बसला. मी आतून ऐकत होते.

"अण्णा, मागच्या कोपऱ्यातली ती जास्तीची कडी कशाला आहे?"

खाकरण्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. हृषीनं मान पुढे काढली.

"ते मला नीटसं ठाऊक नाही, बाळा," छाया म्हणाली. "कुणासाठी आहे, ते जाऊन विचारायला पाहिजे."

हृषीनं कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी आत गेले नाही. देव्हाऱ्यातली वात जरा पुढे सारली. दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी चहा मला घेऊन यायला लागला. अधूनमधून गाडी काढून नदीकाठच्या गावांना जायचा, त्या कडीचं विचारायला.

* * *

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी पहाटे फोन वाजला. धरणाचे दरवाजे उघडले होते. बेलकुरणच्या वळणावर पाणी इशाऱ्याच्या खुणेला लागलं होतं आणि चढत होतं. साठांपैकी पहिला तराफा तिकडेच निघाला होता.

हृषीनं फाटकाशी गाडी लावली, हॉर्न मात्र वाजवला नाही. त्याला माझा नेम ठाऊक आहे. मी आंघोळ करून देवापुढे बसले. बाहेर पाऊस कोसळत होता, तरी हात हलू दिला नाही. शेवटचं पाऊल काढलं, हळदकुंकू वाहिलं, पाणी प्यायले. मग गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले, पदर खोचला, तरंगणारं जाकीट अंगावर घालून बंद आवळले.

"मी येतोय बरोबर," हृषी म्हणाला.

"काठापर्यंत ये. तराफ्यावर नाही. तुझ्या जागी एक जनावर बसेल."

त्यानं वाद घातला नाही. मागच्या सीटवर गुळाची ढेप ठेवली होती, त्यानंच.

आक्काताईंना फोन लावला. मागे पाण्याचा आवाज होता, आणि शेवंताचं हंबरणं.

"घाबरली हाय ती," त्या म्हणाल्या. "मी बी."

"कासरा सोडू नका, आक्काताई. आणि आत गोठ्यातही नेऊ नका तिला. दारात उभ्या राहा दोघी."

मी दार ओढून घेतलं आणि निघाले.